धारच्या सभेत दिलेली शपथ

१३ ऑक्टोबर २०२४. देवास.

धारहून आत्ता परतले. दादानं पुन्हा तेच मागितलं, मी पुन्हा नाही म्हटलं. बसमध्ये घाटाबिल्लोदपर्यंत स्वतःशीच वाद घालत होते. जिंकतही होते.

दादाला मोटर न्यूरॉनचा, एकेक स्नायू निकामी करणारा आजार असल्याचं कळून तीन वर्षं झाली. आधी बोटं गेली, मग पाय, आणि या उन्हाळ्यात बोलणं. छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस. बोटं चालत होती तेव्हाच त्यानं स्वतःसाठी अक्षरांची पाटी करून ठेवली. बाराखडीच्या क्रमानं नाही. खिळ्यांच्या पेटीतल्या खणांसारखी — नेहमी लागणारी अक्षरं मधे, क्वचित लागणारी कडेला. समोरच्यानं खणांवरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की दादा डोळे मिटतो. सीतावहिनी लग्न होऊन आल्यापासून त्याच पेटीवर काम करत होत्या, त्यामुळे त्या पाणी वाहावं तसं वाचतात. मला वेळ लागतो. त्यांचा मुलगा पियुष हिंदी शाळेत शिकला. अक्षरं कळतात, पण मराठी शब्द जुळेपर्यंत त्याचा धीर सुटतो.

आज दादा म्हणाला, "कागद करतोय. श्वास थांबला तर मशीन नको. पोटात नळी नको. माझ्या वतीनं बोलायला तुझं नाव घालतो."

"मुलगा आहे की तुझा."

"रडेल."

"मग वहिनी?"

वहिनींनी स्वतःबद्दलचं उत्तर स्वतःच वाचून दाखवलं, चेहरा न बदलता. "सीता सगळ्यांचं ऐकते. तू ऐकवतेस."

मग मी ऐकवलंच. तीस वर्षं ज्याच्याविरुद्ध घसा फोडला त्याच कागदावर नाव घालू? आज तू मागतोस, उद्या एखाद्या म्हातारीकडून तिची सून मागून घेईल. दादानं सावकाश जुळवलं — "त्या सुनेचं नंतर बघू. माझं बघ."

वहिनी हसल्या. मी नाही हसले.

१७ ऑक्टोबर. देवास.

रविवारी धारच्या मराठी मंडळात जाहीर वाद आहे. विषय इच्छामरण. बाजूनं बोलणार नारायणराव — धारचे जुने वकील, दादाचे शाळासोबती. विरुद्ध मी.

जुनी वही काढली. १९३९, जर्मनी. सुरुवात एका बापाच्या अर्जानं झाली. अपंग बाळाला मरू द्या, असा अर्ज. मग सरकारी पत्र, तेही मागची तारीख टाकून. मग दवाखान्यांत नोंदणीपत्रकं गेली. तज्ज्ञ टेबलाशी बसून पत्रकं वाचत आणि लाल पेन्सिलीनं अधिकाची खूण करत. लाल खूण म्हणजे मरण. रोग्याचं तोंडही कुणी पाहिलं नाही. दोन वर्षांत सत्तर हजार माणसं! घरी रक्षेचा कलश आणि खोटं कारण लिहिलेलं पत्र. आणि या सगळ्याला नाव काय, तर दयेचं मरण.

कॉलेजात इतिहास शिकवला तेव्हाही हा तास मी उभ्यानं घ्यायची. पोरं गप्प व्हायची. रविवारीही होतील.

२० ऑक्टोबर. धार.

हॉल खच्चून भरला होता. धारमधली निम्मी मराठी घरं आली होती, म्हणजे आता जेवढी उरलीत त्यातली निम्मी.

नारायणराव आधी बोलले. मऊ बोलतात, कोर्टातली सवय. म्हणाले, वेळ झाली की आपणहून निघणं आपल्या मातीला परकं नाही. जैनांचा संथारा घ्या, मरणापर्यंतचा उपवास. संतांच्या समाध्या घ्या. अन्नपाणी सोडून शांतपणे जाणारे राजे घ्या. शंभर मैलांवर ओंकारेश्वर — तिथल्या कड्यावरून देवाला देह वाहणारे यात्रेकरू इंग्रजांच्या काळापर्यंत होते. मरणाची वेळ निवडणाऱ्याला आपण कधी गुन्हेगार म्हटलं नाही.

मी उठले ती तिथूनच सुरू झाले. "कड्याची आठवण काढलीत, बरं केलंत. आता सतीचीही काढा. तिलाही इच्छाच म्हणत होते ना? मग भोवती ढोल का वाजवत? आतून आलेली हाक बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून! समाधी घेणाऱ्याला शिष्य होते, राजाला राज्य होतं. तुमच्या आमच्या घरात मागच्या खोलीत खोकणाऱ्या म्हाताऱ्याला काय आहे? त्याची इच्छा घरातले लोक रोज थोडी थोडी घडवतात. आत्महत्येला समाधीचा शेला पांघरू नका." मग जर्मनी. लाल पेन्सिल. कलश.

नारायणराव मधेच म्हणाले, "अल्पनाताई, तुमचा कुठलाही रस्ता बर्लिनलाच कसा जातो हो? इंदूरच्या बसमध्ये बसलं तरी?"

हॉल हसला. मी हसू ओसरू दिलं. "जातो, कारण तिकडचा रस्ताही तुमच्यासारख्या सभ्य वकिलांनीच बांधला होता."

टाळ्या थांबेनात. तिथे थांबायला हवं होतं का? मी थांबले नाही. शेवटी सगळ्यांना उभं केलं. उजवा हात वर. "म्हणा माझ्यामागून — मी कुणाच्याही मरणाच्या कागदावर सही करणार नाही." तीनशे हात वर. भिंतीवर आवाज आपटून परत आला.

दादा शेवटच्या रांगेमागे चाकाच्या खुर्चीत होता. वहिनी त्याला ऐकायला घेऊन आल्या होत्या. त्याचे हात मांडीवर.

२१ ऑक्टोबर. देवास.

फोनवर फोन. पियुषनं शपथेचा व्हिडिओ इंदूरहून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. वर लिहिलंय — "आत्या ऑन फायर." खाली ज्वाळांची चित्रं.

२२ ऑक्टोबर. देवास.

दुपारी वहिनींचा फोन. "वन्सं, आज ह्यांच्या कागदावर सह्या होत्या. नोटरी येऊन बसले. साक्षीदार आले नाहीत."

कोण साक्षीदार? मी आजवर विचारलंच नव्हतं. शिवाजीराव, छापखान्याशेजारचे घड्याळवाले. आणि धीरज, दादाच्या हाताखाली खिळे शिकलेला, आता फ्लेक्सचं दुकान आहे त्याचं. कायद्याला दोन साक्षीदार आणि नोटरी लागतो. दादानं महिन्यापूर्वीच दोघांचा होकार घेतला होता. दोघंही परवा हॉलमध्ये होते.

धीरजला फोन लावला.

"अक्का, हात वर केला ना मी. बायकोसमोर, दोन्ही पोरींसमोर. अब उसी हाथ से साइन कैसे करूं?"

"धीरज, भाषणातली शपथ होती ती."

"मतलब खोटी होती?"

खोटी नव्हती. शिवाजीरावांनी तर फोनवर यायलाच नकार दिला. मुलाकरवी निरोप — बाईंना म्हणावं, मी पहिल्या रांगेत होतो.

२४ ऑक्टोबर. धार.

गेले. नारायणराव तिथेच बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "या. जिंकलात. आता निकाल बघा." राग नव्हता आवाजात. तेच जास्त लागलं.

त्यांनी तोड सांगितली — कोर्टाच्या आवारात कुणीही दोन कारकून मिळतील, अर्ध्या तासाचं काम. दादानं नको म्हटलं. "अनोळखी माणसांनी माझ्या मरणाला साक्ष कशाला? माझी माणसं हवीत." पण त्याची माणसं म्हणजे कोण? एक नारायणराव सोडले तर बाकी सगळी त्याच हॉलमधली. मीच उभी केलेली.

मग तो माझ्याकडे वळला. म्हणजे नजर वळली.

"तिकडे जर्मनीत रोग्याला विचारलं होतं?"

"नाही."

"मी तर मागतोय."

मी म्हटलं, "मागणारा मोकळा असतो का दादा? सकाळी वहिनी तुझी लाळ पुसतात तेव्हा तुला ओझं झाल्यासारखं वाटत नाही?"

वहिनींचं बोट पाटीवर थबकलं. मग फिरलं. "वाटतं."

"मग ही इच्छा तुझी, की त्या ओझ्याची?"

अक्षर अक्षर करून आलं — "इच्छा कशाच्या तरी पोटीच येते. भूक पण." आणि नंतर, दमला होता तरी, "तुम्ही दोघं सती, मुनी, जर्मन सगळ्यांबद्दल बोललात. मी मागे बसलो होतो."

नारायणरावांनी खाली बघितलं. मीही.

२७ ऑक्टोबर. देवास.

वही पुन्हा उघडली. दोन दिवस टाळत होते.

माझी तुलना खोटी नाही. दयेचं नाव घेऊन माणसं मारली गेली, मोजून. हे विसरणाऱ्या डॉक्टरवर मी आजही विश्वास ठेवणार नाही. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांचं कुणी नाही, ज्यांची खाट घराला जड होते, त्यांच्यासाठी हा इतिहास ओरडून सांगावा लागतो. सांगेन.

पण त्या पत्रकांवर रोग्याच्या हातचं एक अक्षर नव्हतं, आणि दादाचा कागद अथपासून इतिपर्यंत त्याचा. हा फरक मला माहीत नव्हता असं नाही. भाषणात तो अडचण करतो, म्हणून वगळत आले. नारायणरावही तेच करतात. संथाऱ्याला व्रत असतं, संघ असतो, वर्षांची तयारी असते; ते सगळं सोडून फक्त शांत शेवट तेवढा उचलतात. आम्ही दोघंही मेलेल्यांना साक्षीला बोलावतो. ते उलटतपासणीला येत नाहीत, हे आमच्या सोयीचं.

हे जाहीरपणे बोलेन का? माहीत नाही. आज लिहिलं तरी.

३ नोव्हेंबर. धार.

भाऊबीज. पाटावर बसवता येत नाही, खुर्चीतच ओवाळलं. कुंकू लावताना त्याची मान माझ्या हातात आली. किती हलकी!

ओवाळणीला वहिनींनी दरवर्षीसारखं पातळ काढलं होतं. दादानं डोळ्यांनी थांबवलं. पाटी मागितली.

"या वर्षी मागणार मी."

काय मागणार ते घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. मी तबक हातात घेऊन उभी.

"दादा, मला भीती वाटते," म्हटलं. व्यासपीठावर हे वाक्य मी आयुष्यात उच्चारलं नाही. "तुझ्या नावानं हो म्हणायची वेळ आली आणि मी चुकले तर?"

"तर चूक तुझी. मशीन माझ्या घशात नाही." आणि डोळ्यांत जुनं हसू. लहानपणी वादाच्या स्पर्धेला मला स्टेजवर ढकलताना असायचं तसं.

बघते म्हटलं. पातळ घेतलं नाही.

५ नोव्हेंबर. देवास.

ठरवलं. मी नाव घालू देणार.

नारायणरावांना फोन केला. ते म्हणाले, "अल्पनाताई, टोमणा तयार होता, पण नाही मारत." शुक्रवारी नोटरी घरी येईल. साक्षीदार ते स्वतः आणि त्यांची मुलगी उर्वशी. ती त्या दिवशी बदनावरला होती, हॉलमध्ये नव्हती. दादाला चालतील दोघंही. वहिनींनी कळवलं, आज तो चार चमचे जास्त जेवला.

७ नोव्हेंबर. इंदूर.

सकाळी लाळ अडकली. दादा निळा पडला. वहिनी एकट्या. शेजारच्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली, धारच्या डॉक्टरांनी इंदूरला पाठवलं. मी देवासहून पोचले तोवर घशात नळी होती आणि छाती मशीनच्या तालावर वरखाली. पियुषनं सही केली होती. त्याला विचारलं, वडिलांना हे नको होतं, ठाऊक नव्हतं का? तो म्हणाला, "आत्या, ते मर रहे थे."

मी त्याच्या शेजारी बाकावर बसले.

८ नोव्हेंबर.

आज शुक्रवार. नारायणरावांनी नोटरीला येऊ नका म्हणून कळवलं.

११ नोव्हेंबर. इंदूर.

दिवसातून दोनदा दहा मिनिटं आत सोडतात, एकेकाला. सकाळची भेट वहिनींची. संध्याकाळची पियुष आणि मी वाटून घेतो. संध्याकाळी दादा औषधाच्या गुंगीत असतो. डोळे अर्धे उघडे, कुठेच लागलेले नाहीत. मी त्याचा हात धरते आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बसते.

न्यूमोनिया झालाय. गळ्याला भोक पाडून नळी बसवणार. आपल्या श्वासावर परत येण्याची शक्यता नाही, असं डॉक्टर म्हणतात. अशा अवस्थेत महिने जातात, वर्षही जाऊ शकतं.

मी पियुषला म्हटलं, आपण बोलायला हवं. दादाला हेच नको होतं. कागद झाला नाही म्हणून त्याची इच्छा बदलत नाही.

त्यानं मोबाईल काढला. माझाच आवाज. तीनशे हात. "ही तुम्हीच ना? मी ऑफिसमध्ये दाखवला हा, सगळ्यांना. सांगितलं, मेरी आत्या आहे. आता तुम्हीच म्हणता पप्पांना मारून टाका?"

"मारून टाका नाही म्हणाले मी."

"उस वीडियो में तो यही बोला आपने. नळी काढणं म्हणजे मारणं. लाल पेन्सिल."

कॅन्टीनमधली दोन माणसं वळून बघत होती. मला माझंच वाक्य खोडता येईना. फार चांगलं बांधलं होतं.

१७ नोव्हेंबर. धार.

मंडळाची मासिक बैठक. आगंतुकासारखी गेले, पाच मिनिटं मागितली. चाळीसेक माणसं. सांगितलं की त्या दिवशीची शपथ मी परत घेते. माझा विरोध होता तो जबरदस्तीला, आणि मी बोलले ते सगळ्यांनाच लागू केलं. एका माणसानं स्वतःच्या शरीराबद्दल शुद्धीत घेतलेला निर्णय आणि सरकारी तज्ज्ञानं केलेली लाल खूण, या दोन गोष्टी मी मुद्दाम एकाच वाक्यात बसवल्या. त्याची किंमत माझा भाऊ मोजतोय.

टाळी नाही.

शिवाजीराव काठी टेकत पुढे आले. ऐंशी वर्षांचे आहेत. "बाई, शपथ घेतली आम्ही. तुम्ही दिलीत, तुमचं काम झालं. आता ती परत घेणाऱ्या तुम्ही कोण?"

"पण चुकीची होती काका."

"ते तेव्हा सांगायचं. आता मला सवय झाली तिची." मग दादाची चौकशी, "जगदेवराव कसा आहे?"

सांगितलं. त्यांनी डोळे पुसले. मत बदललं नाही.

२२ नोव्हेंबर. इंदूर.

गळ्याला भोक पाडून नळी बसवली. ताप उतरतोय. मशीन तेच.

नारायणरावांनी कायदा समजावला. कागद नसला तरी वाट आहे. डॉक्टरांचं एक मंडळ तपासतं, मग दुसरं, आणि जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती लागते. पियुष हो म्हणाला तर.

२५ नोव्हेंबर. इंदूर.

पियुष हो म्हणाला.

कसं झालं ते लिहून ठेवते. दवाखान्यासमोरच्या बागेत बाकावर बसलो होतो. मी बोलायला लागले, आणि दहा मिनिटांनी कळलं की मी भाषण करते आहे. तेच चढउतार. पण बाजू दुसरी. संथारा घेतलेल्या बदनावरच्या आजी सांगितल्या, सगळं गाव पाया पडायला गेलेलं. अन्न सोडून गेलेले राजे सांगितले. समाध्या सांगितल्या. नारायणरावांचा मुद्दा न् मुद्दा वापरला, आणि त्यांच्यापेक्षा चांगला वापरला. "तुझ्या बापानं आयुष्यभर एकेक खिळा सरळ बसवला, त्याच्या आयुष्याची शेवटची ओळ वाकडी छापू नकोस," म्हणाले.

पोरगा कोसळला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, अडतीस वर्षांचा. "ठीक है आत्या. ठीक है."

आणि मला काय वाटलं? पहिल्या क्षणी, एक क्षणच, पण वाटलं — जिंकले. सभा संपल्यावर वाटतं तसं. मग त्याच्या केसांवर हात फिरवत राहिले.

२८ नोव्हेंबर.

पहिलं मंडळ बसलं. तिघं डॉक्टर, वीस मिनिटं. अनुकूल. दुसरं शनिवारी.

२९ नोव्हेंबर. इंदूर.

संध्याकाळी संमतीचा कागद आला. एक पान. पहिली ओळ — रुग्ण संवाद साधण्याच्या स्थितीत नाही. वाचली, पुढे गेले. खाली तीन रकाने. बहीण, मुलगा, पत्नी.

मी सही केली. दादानं भाऊबीजेला मागितलं ते देतेय असं वाटलं, म्हणून नीट, पूर्ण नावाची केली. पियुषनं केली. पेन वहिनींपुढे धरलं.

त्यांनी घेतलं नाही. "मी उद्या करते वन्सं. आधी ह्यांना विचारते."

"वहिनी, तो गुंगीत आहे."

"सकाळी उतरते की गुंगी. दहा वाजता बघतात माझ्याकडे. परवा कपाळाला खाज सुटली होती, ते सांगितलं त्यांनी."

पियुष चिडला. "मम्मी, पप्पांनी महिन्यापूर्वीच सांगितलंय ना सगळं. कितनी बार पूछोगी?"

"तेव्हा मशीन नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "आता आहे. आता विचारते." आणि पिशवीतून पाटी काढून पदरानं पुसायला लागल्या.

मला त्यांची दया आली. चाळीस वर्षांचा संसार, सही करवत नाही, म्हणून एक सकाळ मागून घेतायत. पियुषला म्हटलं, करू दे. एका रात्रीनं काय होतं.

३० नोव्हेंबर. इंदूर.

वहिनींनी डॉक्टरांसमोर पाटी धरली. मशीन काढायचं का, एवढंच विचारलं. दादानं जुळवलं — इतक्यात नको.

डॉक्टरांनी पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच आलं.

मी काचेबाहेर उभी होते. कागद टेबलावर होता, माझी सही सगळ्यांत वर.